डिपॉझिट आमच्याच खात्यात राहू द्या

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.



इंदापूर तालुक्यातल्या कळस गावातून हे पत्र लिहितो आहे. विषय भाड्याच्या गाडीच्या डिपॉझिटचा. गाडी भाड्याची, तक्रार एजन्सीची, मग पत्र रिझर्व्ह बँकेला कशाला, असं आपल्याला वाटेल. परिवहन खात्याच्या वाट्याचं पुढे येईलच. पण मूळ दुखणं पैशाचं आहे, आणि त्यावरचं औषध आपल्याच कपाटात आहे असं माझं म्हणणं आहे. मराठीत लिहितो, कारण १९४३ साली या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे आमच्याच भाषेतले. उत्तर कोणत्याही भाषेत आलं तरी लावून घेऊ.

गाडी भाड्याने घेणं आमच्याकडे नवीन नाही. लग्नाला, देवाला, दवाखान्याला गाडी लागतेच. पूर्वी ती ड्रायव्हरसकट मिळायची. किलोमीटरचा दर ठरलेला, मुक्काम पडला तर ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, आणि निघताना "डिझेलपुरते द्या, बाकीचं आल्यावर बघू" एवढ्यावर गाडी तुळजापूरला जाऊन यायची. डिपॉझिट कुणी मागत नसे, कारण मालकाचा माणूस गाडीतच बसलेला असे. गाडी कुठं नेली, किती दामटली, कुठं घासली, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. सेल्फ ड्राइव्ह आलं, ड्रायव्हर खाली उतरला, आणि त्याच्या जागी डिपॉझिट येऊन बसलं.

आता गावातली पोरं चाकणला, हिंजवडीला, रांजणगावला कामाला आहेत. सणाला किंवा घरच्या कार्याला यायचं तर एसटी बारामतीपर्यंत किंवा रेल्वे भिगवणपर्यंत आणून सोडते. पण पुढं दोन दिवस पाहुण्यांची ने-आण, बस्ता, वाजंत्री, आचारी, मंडप असं सगळीकडं फिरायचं म्हटलं की हाताशी गाडी हवी. स्वतःची घेण्याइतका पगार नाही आणि ड्रायव्हरवाली गाडी दिवसभर उभी ठेवणं परवडत नाही. मग पुण्यातून, आणि अलीकडे बारामतीतूनही, सेल्फ ड्राइव्ह गाडी येते.

माझ्या पुतण्यानं अशीच गाडी आणली. एजन्सीचं नाव लिहीत नाही. तिच्याऐवजी दुसरी कुठलीही असती तरी फार फरक पडला नसता. व्यवहार कसा झाला तेवढं सांगतो. काउंटरवर लायसन्सचा फोटो काढला, आधार कार्ड ओरिजिनल ठेवून घेतलं. भाडं वेगळं, आणि डिपॉझिट दहा हजार. कार्ड चालेल का विचारल्यावर काउंटरवरच्या पोरानं भिंतीवरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर एजन्सीचं नाव आलंच नाही, कुणाचं तरी घरचं नाव आलं. पैसे गेले. मग गाडीभोवती फिरून व्हिडिओ झाला: पुढचा बंपर, मागचा बंपर, चारही टायर, स्टेपनी, जॅक, टॉमी, डिझेलचे दोन दांडे, किलोमीटरचा आकडा. व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर निघाला, आमच्या नाही.

परत देताना गाडीला कळसच्या शिवारातली माती होती. गाळपाचा हंगाम, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ते चिखलाचे केलेले. धुऊन नेली असती तर बरं झालं असतं, पण वेळ झाला होता. पोरानं मोबाइलची बॅटरी लावून, गुडघ्यावर बसून मागच्या बंपरच्या खालच्या कडेला एक चरा शोधून काढला. हा जुनाच आहे, म्हटलं तर "व्हिडिओ सरांकडे आहे". सर कुठं आहेत, तर बाहेरगावी. आणि वर, "चलन आलंय का ते बघून सोडतो डिपॉझिट." दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत आली. शेवटी सहा हजार परत आले. चार हजारांचं काय झालं, त्याचा कागद नाही. गॅरेजचं बिल नाही, चलनाचा नंबर नाही, फक्त "एवढेच होतात, भाऊ".

गव्हर्नरसाहेब, या गोष्टीत मला राग चार हजारांचा नाही. राग याचा आहे की ते पैसे ज्या क्षणी त्या क्यूआर कोडमधून गेले, त्या क्षणी ते आमचे राहिले नाहीत. आणि ते आमचेच ठेवण्याची सोय तुमच्या व्यवस्थेत आधीपासून होती.

तीच सोय म्हणजे होल्ड. कार्डावर होल्ड लागला की आमच्याकडे सगळे "पैसे कापले" असंच म्हणतात, पण तसं होत नाही. काउंटरवर कार्ड लावलं की एजन्सीची बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून ग्राहकाच्या बँकेला विचारते, की दहा हजारांची ऐपत आहे का. असेल तर बाजूला काढून ठेवा. बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम मर्यादेतून वजा धरते. पन्नास हजारांची मर्यादा असेल तर चाळीस हजार वापरायला उरतात. पैसा जागचा हलत नाही, त्याच्यावर व्याज चढत नाही, महिन्याच्या बिलात ती रक्कम येत नाही. गाडी परत आली की एजन्सीनं नुकसानाइतकी रक्कम उचलायची, किंवा काहीच झालं नसेल तर होल्ड रद्द झाल्याचा निरोप धाडायचा. निरोप नाही धाडला तरी मुदत संपली की होल्ड आपोआप गळून पडतो. कार्ड कंपन्यांच्या नियमांत गाडीभाड्यासाठी ही मुदत महिनाभराच्या घरात असते.

म्हणजे यंत्र चांगलं आहे. अडतं ते शेवटच्या पायरीवर. होल्ड सोडायला विसरल्याबद्दल एजन्सीला काहीच मोजावं लागत नाही, म्हणून ती विसरते. बँकेला फोन केला तर "मर्चंटला सांगा", मर्चंटला फोन केला तर "आमच्याकडून सुटलंय, बँकेला विचारा". दोघंही खरं बोलत असतील, कुणास ठाऊक. आणि हे झालं क्रेडिट कार्डाचं. डेबिट कार्डावर होल्ड लागला तर अडकतो तो खात्यातला रोकडा पैसा. खात्यात अठरा हजार दिसतात, त्यातले दहा हजार अडकलेले, आणि त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचा नऊ हजारांचा हप्ता लागतो. हप्ता परत जातो. एक दंड बँक लावते, दुसरा फायनान्स कंपनी लावते, आणि सिबिलवर डाग राहतो तो वेगळाच. ज्याच्याकडे दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो आणि उसाचं बिल वर्षातून एकदा, त्याच्यासाठी दहा हजार महिनाभर अडकणं म्हणजे काय, हे मुंबईत बसून कदाचित सहज दिसणार नाही.

तरीही होल्ड बरा, असं मी म्हणतो आहे. कारण होल्डला निदान मुदत असते. क्यूआर कोडनं गेलेल्या पैशाला मुदतही नाही. देशात क्रेडिट कार्डांनी १० कोटींचा आकडा ओलांडला तो २०२४ च्या सुरुवातीला. लोकसंख्या १४० कोटी, आणि एकेकाकडे तीन-तीन कार्डं असलेली मंडळी शहरात पुष्कळ. तेव्हा आमच्या तालुक्यात डिपॉझिट म्हणजे यूपीआय. तेही दुकानाच्या खात्यात नाही, माणसाच्या खात्यात. कार्डाचा व्यवहार असता तर बँकेकडे वाद घालता आला असता, चार्जबॅक मागता आला असता. आपण होऊन, पिन टाकून, एका माणसानं दुसऱ्या माणसाला पाठवलेल्या पैशाबद्दल बँक काय करणार? तिच्या लेखी तो व्यवहार यशस्वी झालेला आहे.

परदेशाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आता बारामती-इंदापुरातलीही बरीच मुलं तिकडे आहेत. आईवडील नातवंडांना भेटायला निघतात, जाण्याआधी बारामतीच्या आरटीओतून, म्हणजे आमच्या एमएच ४२ मधून, आंतरराष्ट्रीय परवाना काढतात. तो वर्षभर चालतो. पण अमेरिकेतल्या बहुतेक काउंटरवर परवान्याइतकंच महत्त्व कार्डाला असतं: क्रेडिट कार्ड हवं, आणि गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. मुलाचं कार्ड आणि वडिलांचं लायसन्स अशी जोडी चालत नाही. दुबईत सालिकचा टोल आणि दंड उशिरा कळतात, म्हणून डिपॉझिट काही आठवडे ठेवून घेण्याची रीत आहे. आणि कुठेही होल्डऐवजी थेट रक्कम कापून घेतली, तर जाताना एक विनिमय दर आणि येताना दुसरा, वर आपल्या बँकेचा अधिभार. पूर्ण डिपॉझिट परत मिळूनही माणूस तोट्यात.

युरोपानं मात्र यावर कायद्यात एक कलम घातलं आहे. युरोपीय महासंघाच्या २०१५ च्या पेमेंट सेवा निर्देशाचं ७५ वं कलम, जानेवारी २०१८ पासून लागू. अंतिम रक्कम आधी माहीत नसेल अशा कार्ड व्यवहारात, किती रक्कम अडकवायची त्या नेमक्या आकड्याला ग्राहकानं संमती दिली असेल तरच बँकेनं ती अडकवावी. आणि खरी रक्कम कळली की अडकलेले पैसे विनाविलंब सोडावेत, जास्तीत जास्त म्हणजे पैसे देण्याचा आदेश हातात पडताच. गंमत म्हणजे ही जबाबदारी त्यांनी गाडीवाल्यावर टाकलेली नाही, बँकेवर टाकली आहे. तिथेच मला आपल्याकडे लिहायची बुद्धी झाली.

आता गाडीवाल्याची बाजू. ती नुसती सभ्यतेपोटी मांडत नाही, कारण ती समजल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. बारामतीतल्या एखाद्या पोरानं कर्ज काढून तीन गाड्या घेतल्या. गाडी नेणारा अनोळखी. तो लोणावळ्याच्या घाटात हाफ क्लचवर गाडी चढवतो, गोव्याला जाऊन वाळूत रुतवतो, आणि परत आणताना धुऊन-पुसून, सेंट मारून आणतो. बंपरवरचा चरा दिसतो, जळालेली क्लच प्लेट दिसत नाही. ती चार दिवसांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात असताना बोलते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आहे. सपाटीला ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा मोडली की चलन निघतं, आणि ते जातं गाडीच्या मालकाच्या नावावर, चालवणाऱ्याच्या नाही. मालकानं चार पैसे हाताशी ठेवून घ्यावेत, यात गैर काहीच नाही.

पण हा मालक कायद्याच्या आत उभा राहू शकत नाही, हे खरं दुखणं. केंद्राची रेंट-ए-कॅब योजना १९८९ ची. तिच्या परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्या दिसतात, त्या या योजनेतल्या. पन्नास गाड्या बारामतीतला पोरगा कुठून आणणार? मग तो घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने देतो. खासगी गाडी भाड्याने दिली की तिचा खासगी विमा हात वर करू शकतो, कारण पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं. वर परवान्याशिवाय वाहन चालवल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड. म्हणजे मालकाच्या डोक्यावर विम्याचं छत्र नाही. आणि मग गिऱ्हाइकाचं डिपॉझिट, ओरिजिनल आधार, कोरा चेक, कुठे कुठे तर गिऱ्हाइकाची मोटारसायकल आरसीसकट ठेवून घेणं, हाच त्याचा विमा होतो. माझा एक ठोकताळा आहे: डिपॉझिट जितकं अवाच्या सवा, तितकी गाडीच्या कागदांची चौकशी आधी करावी. ज्याचा विमा धड आहे त्याला अपघातात स्वतःच्या खिशातून सक्तीने सोसावी लागणारी रक्कम फार नसते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला ती हजार रुपये आहे. मोडतोडीचा उरलेला भार विमा कंपनी उचलते, घसारा सोडून. नो क्लेम बोनस जातो म्हणून मालक क्लेम टाकायला तयार नसतात, हेही खरं. पण तो त्यांचा हिशेब, आमच्या डिपॉझिटमधून तो का भागवायचा?

पन्नासची अट बदलणं आपल्या हातात नाही. ते काम रस्ते वाहतूक मंत्रालयाचं, आणि तिथले मंत्री नागपूरचे असल्यानं त्यांना वेगळं मराठी पत्र लिहिता येईल. चलनाच्या सबबीबद्दल मात्र एक नोंद करून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी असं म्हटलं आहे. यंत्रणा प्रत्यक्षात कधी कधी रेंगाळते, मान्य. तरी दिवाळीचं चलन संक्रांतीपर्यंत वाट पाहायला लावतं, हे कुणाला पटावं? आणि चलनावर तारीख, वेळ, ठिकाण, फोटो सगळं असतं. त्या वेळी गाडी कुणाकडे होती ते करारात असतं. उशिरा आलेलं चलन गिऱ्हाइकाकडून नंतरही वसूल करता येतं. त्यासाठी सगळं डिपॉझिट दाबून ठेवायची गरज नाही.

कायद्याच्या नजरेतही हे पैसे गिऱ्हाइकाचेच. वस्तू व सेवा कर कायद्यात, २०१७ च्या, स्पष्ट आहे की डिपॉझिट हा मोबदला नव्हे. विक्रेत्यानं ते मोबदल्यापोटी वळतं करून घेतलं तरच तो मोबदला धरला जातो. आणि आपला १८७२ चा करार कायदा, कलम ७४, सांगतो की करारात दंडाची रक्कम कितीही लिहिलेली असो, मिळेल ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हे कलम अनामत जप्त करण्यालाही लावलं. बंपरच्या चऱ्याला सगळे दहा हजार, असं लिहून सही घेतली तरी ते न्यायालयात टिकणं अवघड.

आपण म्हणाल, मग ग्राहक आयोगात जा. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यातच सुरू केली, तेव्हा त्या वाटेची आम्हाला चांगली ओळख आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, १९१५ हा मदत क्रमांक आहे, तक्रार आता घरबसल्याही नोंदवता येते. पण पुरावा काय जोडायचा? व्हिडिओ त्यांच्या मोबाइलमध्ये, पैसे तिसऱ्याच्या खात्यात, आणि करार म्हणजे एका पानाची झेरॉक्स, जिच्यावरचं एजन्सीचं नाव आणि क्यूआरमागचं नाव जुळत नाही. चार हजारांसाठी शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या पुण्याकडे डोळे लावून बसण्यापेक्षा माणूस म्हणतो, जाऊ दे. या "जाऊ दे"वरच तर हा धंदा चालतो.

म्हणून माझं मागणं एकाच जागी येऊन थांबतं. डिपॉझिट एजन्सीकडे जाऊच नये. ते आमच्या खात्यात, आमच्या बँकेत, नुसतं अडकवलेलं राहावं. आपला हुकूम गाडीवाल्यावर चालत नाही, हे मला कळतं. पण बँकेवर चालतो. पैसा बँकेच्या भिंतीच्या आत राहिला तर त्याला सोडायची तारीख आपण ठरवू शकता. तो भिंतीबाहेर गेला की तुम्हीही आमच्यासारखेच बघे.

हे स्वप्नरंजन नव्हे. शेअर बाजारात हे होऊन जुनं झालं. पूर्वी आयपीओला अर्ज केला की पैसे कंपनीच्या खात्यात जायचे, आणि शेअर नाही मिळाले तर परताव्याची वाट पाहत बसायचं. सेबीनं २००८ मध्ये अस्बा आणलं: पैसे अर्जदाराच्याच खात्यात अडकवायचे, शेअर लागले तरच न्यायचे. बचत खात्यातल्या त्या पैशावर तोवर व्याजही चालू. जानेवारी २०१६ पासून ते सगळ्यांना सक्तीचं झालं. यूपीआयमध्ये तर आज अडकव आणि नंतर वळतं कर ही सोय ऑगस्ट २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीतच आली. आणि डिसेंबर २०२२ च्या पतधोरणाबरोबर आपल्याच बँकेनं जाहीर केलं की एकदा रक्कम अडकवून त्यातून लागेल तशी उचलता येईल अशी व्यवस्था यूपीआयमध्ये आणू. त्या निवेदनात उदाहरण होतं हॉटेल बुकिंगचं. आयपीओचे निम्म्याहून जास्त अर्ज यूपीआयच्या अडकवण्याच्या सोयीतून येतात, हेही त्यातच नमूद होतं. म्हणजे शेअर घेणाऱ्याचा पैसा त्याच्याच खात्यात सुरक्षित बसतो, आणि बहिणीच्या लग्नाला गाडी घेणाऱ्याचा पैसा भिंतीवरच्या क्यूआरमधून निघून जातो. तंत्र एकच. एकासाठी नियम लिहिला गेला, दुसऱ्यासाठी कुणी लिहिला नाही.

उशिराला किंमत लावायचीही आपल्याला सवय आहे. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानं एटीएममधून नोटा न येता खातं वजा झालं, तर पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये भरपाई ठरवली. कार्ड बंद करायला सांगूनही सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर रोज ५०० रुपये, हे २०२२ चं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तर आपण सांगितलंत की कर्ज फिटल्यावर तारणाचे कागद ३० दिवसांत परत द्या, नाहीतर दिवसाला ५ हजार. काम झाल्यावर तारण धन्याला परत, ठरल्या दिवसांत, नाहीतर दंड: डिपॉझिटचा प्रश्न याहून वेगळा कुठं आहे? आमच्या भागाला तर ही भाषा पाठच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायला कारखान्यांना बांधलं आहे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखाने ते नेहमी पाळतात असं मी म्हणणार नाही. तो दुसऱ्या पत्राचा विषय. पण १४ आणि १५ हे दोन आकडे कायद्यात आहेत म्हणून शेतकऱ्याला मोर्चा काढायला जागा तरी मिळते. डिपॉझिटवाल्याला मोर्चा काढायचा तर कोणता आकडा घेऊन काढायचा?

तेव्हा गाडी, हॉटेल, मंडप, कॅमेरा असं काहीही भाड्याने देणाऱ्या व्यापाऱ्याला डिपॉझिट हवं असेल तर ते कार्डाच्या होल्डनं किंवा यूपीआयच्या अडकवलेल्या रकमेनंच घेता यावं, आणि तेही नोंदणीकृत व्यापारी खात्यावर, असा नियम बँकांमार्फत घालता येईल. रक्कम अडकली की ग्राहकाला एसएमएस यावा, त्यात आकडा, घेणाऱ्याचं नाव आणि सुटण्याची तारीख असावी. मराठीत आला तर फारच उत्तम. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती रक्कम वेगळ्या ओळीत दिसावी. "उपलब्ध शिल्लक" आणि "एकूण शिल्लक" या दोन आकड्यांच्या फरकातून शोधायला लागू नये. वस्तू परत केल्याची नोंद ग्राहकालाही त्याच अ‍ॅपमधून करता यावी, आणि त्या क्षणापासून घड्याळ सुरू व्हावं. व्यापाऱ्याला काही कापायचं असेल तर बिल किंवा चलनाचा नंबर टाकल्याशिवाय रक्कम हलू नये. मुदतीत काहीच टाकलं नाही तर पैसे आपोआप मोकळे, आणि बँकेनं मोकळे केले नाहीत तर २०१९ च्या परिपत्रकातले तेच रोजचे १०० रुपये. मुदत किती ठेवायची ते आपण ठरवा. चलनाच्या नोटिशीचे १५ दिवस धरले तरी तीन आठवडे भरपूर झाले.

छोट्या गाडीवाल्याला यात तोटा नाही. आज त्याला आधार कार्डांची चळत सांभाळावी लागते, डिपॉझिट परत द्यायचं म्हणून रोकड फिरवावी लागते, आणि दर आठवड्याला कुणाचे तरी शिव्यांचे फोन घ्यावे लागतात. अडकवलेली रक्कम त्याला दिसत राहील, ती गिऱ्हाईक काढून घेऊ शकणार नाही, आणि नुकसान खरं असेल तर बिल टाकून दोन मिनिटांत उचलता येईल. तोटा फक्त एकाच प्रकारच्या मालकाला आहे, तो कोणता हे सांगायला नको. पांढऱ्या पाटीवाल्याकडे व्यापारी खातं नसेल ही अडचण राहीलच, आणि ती पन्नास गाड्यांची अट सुटेपर्यंत पूर्ण सुटणार नाही. म्हणून या पत्राची एक प्रत राज्याच्या परिवहन आयुक्तांना आणि एक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाठवतो आहे.

आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांच्या तारखा निघतात, आणि तोवर गाळपही सुरू झालेलं असतं. सेल्फ ड्राइव्हच्या गाड्या तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत रिकाम्या नसतात. परिपत्रक दिवाळीआधी निघालं, तर पुतण्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला ते उपयोगी पडेल. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालेली आहे.

आपला,
कळस (ता. इंदापूर, जि. पुणे) येथील एक बचत खातेदार